गाण्यामागचा कागद

२०१८ साली आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त एक प्रसंग आहे. क्वीन या इंग्रजी बँडची मंडळी ईएमआय कंपनीच्या साहेबासमोर बसली आहेत. त्यांनी जवळजवळ सहा मिनिटांचे, मध्येच ऑपेराकडे वळणारे गाणे केले आहे. रे फॉस्टर नावाचा तो साहेब म्हणतो की इतके लांबलचक गाणे रेडिओवर कोणी लावणार नाही. मंडळी तडकाफडकी निघतात, पुढे गाणे जग डोक्यावर घेते आणि साहेब तोंडघशी पडतो. प्रेक्षागृहात टाळ्या पडाव्यात असाच हा प्रसंग रचला आहे. पण रे फॉस्टर नावाचा माणूस ईएमआयमध्ये कधीच नव्हता. ज्या अधिकाऱ्यावरून हे पात्र बेतले असे म्हणतात, तो रॉय फेदरस्टोन तर क्वीनचा चाहता होता. त्याच चित्रपटात क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९८५च्या लाइव्ह एड कार्यक्रमाआधी आपल्या आजाराची बातमी सोबत्यांना देतो. ती त्याला स्वतःला कळली १९८७च्या सुमारास, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथल्या ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, वादक म्हणून कसा घडला, याला चित्रपटात जवळजवळ जागाच नाही. तरीही चित्रपटाने जगभरात ९० कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला आणि चार ऑस्कर मिळवले. असे चित्रपट चालतात का, या प्रश्नाचे तिकीटबारीवरचे उत्तर त्यात मिळाले. ते जमतात का, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

खऱ्या गायक-वादकांवरचे बहुतेक चित्रपट फसतात ते एका ठरावीक जागी. गाणे कुठून आले, याचे उत्तर ते दुःखात शोधतात: बालपणीचा आघात, व्यसन, मोडलेले लग्न, आणि मग एकदम ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उसळलेले गाणे. पण ध्वनिमुद्रित संगीत हा विसाव्या शतकातला एक धंदा होता आणि त्या धंद्याचे नियम गाण्याच्या आत शिरलेले होते. तबकडी किती मिनिटांची, ती किती प्रती छापायची, दुकानात कोण पोहोचवणार, लेबलवर नाव कुणाचे, आणि विकल्यावर पैसे कुणाच्या पदरात किती, हे सगळे आधी कागदावर ठरत असे. कंपनी दाखवायची वेळ आली की या चित्रपटांना दोनच माणसे सापडतात, अडाणी खलनायक किंवा दिलदार आश्रयदाता. खरा संबंध या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचा असतो. तोच माणूस पहिल्यांदा दार उघडतो, तोच उचल देतो आणि तोच हिशेब लिहितो. हा कागद पडद्यावर आणायची हिंमत ज्या चित्रपटाने केली, तो तेवढ्या प्रमाणात जमला, असे माझे म्हणणे आहे. त्याची सर्वांत चांगली कसोटी शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या कंपनीवर लागते, कारण तिच्यावर २००८ या एकाच साली दोन चित्रपट आले.

लिओनार्ड आणि फिल चेस हे भाऊ आज बेलारूसमध्ये असलेल्या मोताल गावातल्या ज्यू कुटुंबातले. १९२८ साली ते शिकागोत आले. चाळीसच्या दशकात त्यांनी शहराच्या दक्षिण भागातल्या काळ्या वस्तीत मकोंबा लाउंज नावाचा क्लब चालवला. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून इलिनॉय सेंट्रल रेल्वेने हजारो काळी कुटुंबे तेव्हा शिकागोत उतरत होती. त्यांच्याबरोबर त्यांचे ब्लूज आले होते आणि गावाकडचे गाणे शहराच्या गोंगाटात ऐकू यावे म्हणून गिटारला वीज जोडली गेली होती. मोठ्या कंपन्यांनी या गिऱ्हाइकाला कानामागे टाकले होते, ती जागा छोट्या कंपन्यांनी घेतली. १९४७ साली निघालेल्या ॲरिस्टोक्रॅट या कंपनीत लिओनार्ड शिरला आणि १९५०पर्यंत दोघा भावांनी ती ताब्यात घेऊन तिला आपले आडनाव दिले. नव्या नावाच्या पहिल्या तबकडीला क्रमांक दिला १४२५, कारण शिकागोतल्या त्यांच्या पहिल्या घराचा क्रमांक तो होता. कंपनीचा खांब ठरला मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, म्हणजेच मडी वॉटर्स. १९४१ साली ॲलन लोमॅक्स अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी लोकसंगीत मुद्रित करत फिरत होता. स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडीने त्याच्यासमोर गायले आणि मोबदल्यात वीस डॉलर व तबकडीच्या दोन प्रती मिळवल्या. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकल्यावर आपण गायक आहोत याची त्याला खात्री पटली, असे तो पुढे सांगत असे. १९४३ साली तो शिकागोला गेला. १९४८ साली ॲरिस्टोक्रॅटने काढलेल्या त्याच्या तबकडीची पहिली आवृत्ती दुकानांतून बघता बघता संपली.

या टप्प्यापासून कंपनीची कीर्द-खतावणी वाचायला घेतली की कुठल्याही पटकथेपेक्षा जास्त नाट्य हाती लागते. लिओनार्ड गाडीच्या डिकीत तबकड्या भरून दक्षिणेतल्या गावोगावच्या दुकानांत आणि रेडिओ केंद्रांत जाई. वितरक पैसे महिनोन्‌महिने थकवत आणि तबकडी वाजवायला रेडिओ निवेदकांचे हात ओले करावे लागत. कलावंताला रोख रॉयल्टी क्वचितच मिळे. मिळे ती उचल: घरभाडे, दवाखाना, जामीन, आणि दारात उभी राहणारी नवी कोरी कॅडिलॅक. ती गाडी भेट होती की खात्यावर मांडलेली रक्कम, यावर चेस कुटुंब आणि कलावंत यांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. १९५३ साली चेस बंधूंनी जीन आणि हॅरी गुडमन यांच्याबरोबर आर्क म्युझिक ही प्रकाशन कंपनी काढली. गाण्याच्या तबकडीचा हक्क वेगळा आणि गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा. आर्कमुळे दुसराही घरात आला. १९५५ साली चक बेरीचे ‘मेबलिन’ निघाले तेव्हा रचनाकार म्हणून त्याच्याबरोबर आणखी दोन नावे लागली, रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो. दोघांनी गाण्यातला शब्दही लिहिला नव्हता. फ्रीडचे नाव हे त्याच्या कार्यक्रमात गाणे वाजावे म्हणून दिलेले मोल होते. एका तरुण काळ्या गायकाच्या पहिल्याच गाण्याची मिळकत अशी तिघांत वाटली गेली आणि हक्क एकट्या बेरीकडे परत यायला १९८६ साल उजाडले. मडी वॉटर्स आणि कंपनीचा गीतकार विली डिक्सन यांनी सत्तरच्या दशकात आर्कवर दावे लावले आणि ते तडजोडीने मिटले. तोवर, १९६९च्या आरंभी, चेस कंपनी जीआरटी या टेप बनवणाऱ्या कंपनीला विकली गेली होती आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लिओनार्ड गाडी चालवतानाच हृदयविकाराने गेला होता.

डार्नेल मार्टिन या दिग्दर्शिकेच्या ‘कॅडिलॅक रेकॉर्ड्स’ने शीर्षकातच या खातेवहीवर बोट ठेवले, हे तिचे श्रेय. चित्रपटातली हाउलिन वुल्फ या गायकाची पहिली भेट मला फार मोलाची वाटते. मडीच्या दारात कंपनीची चकचकीत गाडी आहे, वुल्फ मात्र स्वतःच्या जुन्या ट्रकमधून उतरतो आणि आपला मालक आपणच हे सांगतो. इतिहासातला वुल्फ, म्हणजे चेस्टर बर्नेट, खरोखर तसाच होता. दक्षिणेतून तो स्वतःच्या गाडीने आणि खिशात पैसे घेऊन शिकागोत आला. आपल्या वादकांना तो नियमित पगार देई, त्यातून सामाजिक सुरक्षेचा हप्ता कापून सरकारात भरी, आणि वय झाल्यावर शाळेत जाऊन वाचायला व हिशेब ठेवायला शिकला. कागदाची ताकद ओळखलेला हा माणूस काही मिनिटांच्या प्रसंगात उभा राहतो. पण पुढे चित्रपटाचा धीर सुटतो. फिल चेस त्यात जवळजवळ नाहीच, सख्खा भाऊ आणि भागीदार कथेतून गळाल्यासारखा आहे. आर्क म्युझिकची बांधणी कुठे नीट उलगडत नाही. त्या जागी लिओनार्ड आणि गायिका एटा जेम्स यांचे प्रेमप्रकरण येते. त्याला इतिहासाचा आधार नाही, आणि त्यामुळे धंद्याचा सगळा ताण दोन हृदयांच्या ताणात विरघळतो. बियॉन्सेने एटा जेम्स मन लावून उभी केली आहे, गाणी तर अप्रतिम गायली आहेत, तरी या वळणावर कंपनीचा मालक पुन्हा आश्रयदाता होऊन बसतो. दुसऱ्या चित्रपटाने, जेरी झॅक्सच्या ‘हू डू यू लव्ह’ने, फिलला जागा दिली, बो डिडलीलाही दिली, पण एटाच्या जागी आयव्ही मिल्स नावाची काल्पनिक गायिका आणून तीच वाट धरली. एकाच कंपनीवर दोन स्वतंत्र गटांनी काम केले आणि दोघांनाही मालक-गायिका प्रेमाचाच आसरा घ्यावासा वाटला, यावरून ही सवय किती खोल रुजली आहे ते कळते.

यावर एक आक्षेप सहज येईल आणि तो रास्तही आहे. प्रेक्षक गाण्यासाठी येतो, जमाखर्च पाहायला येत नाही. चित्रपटाला दोन तास मिळतात, चार माणसांची दोन करावी लागतात, वर्षे पुढेमागे सरकवावी लागतात. हे सगळे मान्य केले तरी प्रश्न उरतो की गाणे पडद्यावर घडताना दिसते का. चेसच्या लिटल वॉल्टरने हार्मोनिका आणि स्वस्तातला मायक्रोफोन एकाच ओंजळीत धरून ॲम्प्लिफायरमधून वाजवला, तेव्हा त्या इवल्या वाद्याचा आवाज सॅक्सोफोनइतका भरदार झाला. १९५२ साली त्याचे ‘ज्यूक’ यादीत आठ आठवडे पहिले राहिले. असे शोध धंद्याच्या रेट्यातून लागले: क्लबात गर्दीच्या वर ऐकू यायला हवे, तबकडीवर तीन मिनिटांत पकड घ्यायला हवी. विली डिक्सनने आपले एक गाजलेले गाणे मडीला शिकवले ते क्लबच्या मध्यंतरात, स्वच्छतागृहात उभ्याउभ्या, आणि त्याच रात्री मडीने ते मंचावर गायले, असे डिक्सन सांगे. डिक्सन गाणी लिहायचा, बास वाजवायचा, वादक जमवायचा, तालीम घ्यायचा. कंपनीचा अर्धा कारखाना तो एकटा होता. हे काम दाखवले तर गाणे कमी होत नाही, उलट ते कसे आले हे प्रेक्षकाला पहिल्यांदा समजते. ‘कॅडिलॅक रेकॉर्ड्स’चे उत्तम भाग तेच आहेत जिथे माणसे खोलीत जमून वाजवतात आणि काचेपलीकडचा माणूस पुन्हा एकदा म्हणा म्हणून सांगतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. कंपन्यांनी कलावंतांच्या, त्यातही काळ्या कलावंतांच्या, तोंडाला पाने पुसली हे सत्य असताना त्यांना खलनायक दाखवले तर बिघडले काय? बिघडते ते असे की खलनायक माणूस असतो आणि फसवणूक मात्र कागदात असते. रे फॉस्टर उर्मट आहे म्हणून प्रेक्षक त्याच्यावर चिडतो. ‘मेबलिन’च्या लेबलवर दोन उपरी नावे छापणारा माणूस कदाचित गोड बोलणारा, अडीअडचणीला पैसे देणारा, कलावंताच्या मुलांची चौकशी करणारा असेल. अन्याय स्वभावावर ढकलला की तो करण्याची रीत दिसेनाशी होते. या विषयावरच्या दंतकथा तपासताना हे सतत जाणवते. रोलिंग स्टोन्स १९६४ साली साउथ मिशिगन अव्हेन्यूवरच्या २१२० क्रमांकाच्या चेसच्या इमारतीत गेले तेव्हा मडी वॉटर्स शिडीवर चढून छत रंगवत होता, असे कीथ रिचर्ड्स वर्षानुवर्षे सांगत आला. लिओनार्डचा मुलगा मार्शल याने ते ठाम नाकारले. मडी कंपनीत नेहमी झकपक कपड्यांत येई, असे त्याचे म्हणणे. ही गोष्ट चित्रपटासाठीच जन्मल्यासारखी आहे, अपमान एका नजरेत दिसतो. पण मडीचे खरे नुकसान छताच्या रंगात शोधून सापडणार नाही, ते प्रकाशनहक्काच्या करारात होते. तो करार खुबीने दाखवता आला तर शिडीपेक्षा जास्त बोलेल.

मग तो दाखवला का जात नाही? आळस किंवा अज्ञान हे पूर्ण उत्तर नाही. चित्रपटात गाणे वापरायचे तर परवानगी लागते आणि ती हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. जॉन रिडलीने जिमी हेंड्रिक्सवर २०१३ साली चित्रपट केला तेव्हा हेंड्रिक्सच्या वारसांनी गाणी दिली नाहीत. आंद्रे थ्री थाउझंडने भूमिका समरसून केली, पण हेंड्रिक्स पडद्यावर इतरांचीच गाणी वाजवतो. डेव्हिड बोवीवरच्या ‘स्टारडस्ट’चेही २०२० साली तेच झाले. उलट क्वीनचे ब्रायन मे आणि रॉजर टेलर निर्मितीत सहभागी होते, म्हणून गाणी मिळाली, आणि बँडमधली भांडणेही सौम्य झाली. हक्क देणाऱ्याला दुखवून चित्रपट निघत नाही. चेसवरच्या चित्रपटात नटांनी स्वतः गायले हा कलात्मक निर्णय होताच. पण नव्याने गाऊन घेतल्यावर फक्त रचनेची परवानगी पुरते, जुनी ध्वनिमुद्रिका विकत घ्यावी लागत नाही, हेही त्यामागे असते. म्हणजे ज्या दुहेरी हक्कांवर चेस बंधूंनी संपत्ती उभारली, त्याच दुहेरी हक्कांच्या चौकटीत त्यांच्यावरचा चित्रपटही बसवावा लागतो. या व्यवसायाचा इतिहास पडद्यावर अर्धवट येतो त्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

तरी वाट निघू शकते, हे मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सवर मायकेल विंटरबॉटमने २००२ साली केलेल्या ‘ट्वेंटी फोर अवर पार्टी पीपल’ने दाखवले. फॅक्टरीचा कर्ताधर्ता टोनी विल्सन टीव्हीवरचा निवेदक होता. कलावंताचे सगळे कलावंताकडे राहील, कंपनीच्या मालकीचे काहीच नसेल, असे त्याने आपल्या रक्ताने लिहून दिले, ही त्या कंपनीची ख्याती. न्यू ऑर्डरच्या ‘ब्लू मंडे’चे १९८३ सालचे वेष्टण इतके महाग पडले की प्रत्येक प्रतीमागे तोटा होई; तोट्याचा आकडा सांगणारागणिक बदलतो, गोष्ट तीच. हासिएंडा हा त्यांचा क्लब शहराचा मानबिंदू झाला आणि पैसे गिळत राहिला. १९९२ साली कंपनी बुडाली. तिला विकत घ्यायला आलेल्या लंडन रेकॉर्ड्सला कळले की विकत घेण्याजोगा करारच नाही. चित्रपटाचा कणा हाच कागद आहे. शिवाय तो आपण कुठे दंतकथा सांगतो आहोत हे लपवत नाही. एका प्रसंगात गायक हॉवर्ड डिव्होटोची भूमिका नट करतो आहे आणि बाजूला खरा डिव्होटो सफाई कामगाराच्या वेशात उभा आहे. तो कॅमेऱ्याकडे वळून सांगतो की असे काही घडल्याचे मला आठवत नाही. प्रेक्षकाला खरे-खोटे पारखायला सोबत घेतल्याने चित्रपटाची पकड ढिली होत नाही, उलट घट्ट होते. वर्षे सरकवणे, माणसे जोडणे या सवलती घेऊनही इतिहासाशी प्रामाणिक राहता येते, याचा हा पुरावा.

हा धंदा आपल्याकडे पहिल्यापासूनच आला होता. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करत होता, तेव्हा अनेक नामवंत उस्ताद कर्ण्यासमोर गायला बिचकले आणि पुढे आल्या त्या गौहर जानसारख्या गायिका. मेणाच्या ठशांवरून तबकड्या छापायला माल जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई. तिथल्या कारागिरांना गाणे कुणाचे ते ओळखता यावे म्हणून गाणे संपताना गौहर जान इंग्रजीत आपले नाव उच्चारी. तीन मिनिटांत ख्याल किंवा ठुमरी बसवण्याची कला या बायकांनी सिद्ध केली. पुढे चित्रपट आला आणि आपल्याकडचा कागद अमेरिकेपेक्षा वेगळा झाला: गाणे चित्रपटाच्या निर्मात्याचे, तबकडी एचएमव्हीची, आणि गाणारा फी घेऊन मोकळा. १९४९च्या ‘महल’मधले गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीच्या लेबलवर गायिकेचे नाव होते कामिनी. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा लावून धरली आणि मग लता मंगेशकर हे नाव कळले. पार्श्वगायनाला फिल्मफेअर पुरस्कार १९५९ साली सुरू झाला, तोही त्यांनी आग्रह धरल्यानंतर. वाद्यवृंदातल्या माणसांची नावे तर कुठेच नसत. मुंबईच्या स्टुडिओत स्वरलिपी वाचू शकणारे गोव्याचे वादक आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे संयोजक यांच्याशिवाय त्या काळातली गाणी उभी राहिली नसती. श्रेयनामावलीत मात्र संगीतकाराखाली, फार तर साहाय्यक म्हणून, त्यांना जागा मिळाली तर मिळाली.

म्हणूनच बारड्रॉय बार्रेटोचा ‘नाचूंया कुंपासार’ हा २०१४चा कोंकणी चित्रपट मला या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा वाटतो. क्रिस पेरी आणि लोर्ना या जोडीची ती कहाणी. साठ-सत्तरच्या दशकांतली मुंबई, तिथली नाइट क्लब, बँडमास्टर आणि त्याने घडवलेली कोवळ्या वयाची गायिका. लोर्ना पुढे दोन दशकांहून जास्त काळ गाण्यापासून दूर राहिली आणि १९९५च्या सुमारास परतली. तिला बांधून ठेवणाऱ्या कराराची गोष्ट गोव्यात घरोघरी सांगितली जाते. चित्रपटात त्यांची नावे लॉरी आणि डोना झाली आहेत. नावे बदलल्यावर प्रियकर आणि मालक एकाच माणसात असण्याची कोंडी दिग्दर्शकाला मोकळेपणाने दाखवता आली. इथे प्रेम ही धंद्याला झाकणारी चादर होत नाही, कारण करार आणि प्रेम यांचा पीळ हीच गोष्ट आहे. पेरीची वीसेक गाणी नव्याने वाजवून घेतली, पालोमी घोषने कोंकणी शिकून डोना उभी केली, आणि चित्रपटाला कोंकणी विभागातल्या पुरस्कारासह राष्ट्रीय सन्मान मिळाले. नावे बदलण्यात एक तोटा आहे हे नाकारता येत नाही. ज्यांची नावे आधीच श्रेयनामावलीतून गळाली, त्यांची आणखी एकदा गळतात. पण ‘रे फॉस्टर’ हे खोटे नाव खऱ्या नावांच्या गर्दीत घुसवणे आणि सर्वांची नावे बदलून संबंध खरे ठेवणे यांत मी दुसरे पत्करीन. मराठीत निपुण धर्माधिकारीच्या ‘मी वसंतराव’ला हीच शक्ती दुसऱ्या मार्गाने सापडली. वसंतराव देशपांडे संरक्षण खात्याच्या लेखा विभागात कारकून होते, हे त्यात निव्वळ तपशील म्हणून येत नाही. नोकरी, बदली, पगार यांच्या ओझ्याखाली गाणे कसे तगते हाच चित्रपटाचा विषय होतो आणि नातवाने, राहुल देशपांडेने, स्वतः गायल्याने तो गळ्यातूनही पटतो. २०११च्या ‘बालगंधर्व’ची बाजू वेगळी. सुबोध भावेचा अभिनय आणि आनंद भाटेंचा आवाज यांनी लोकांना जिंकले. पण गंधर्व नाटक मंडळीचे कर्ज तिथे नटसम्राटाच्या दिलदारपणाचा दाखला होऊन येते. कोणी, किती व्याजाने, कशाच्या तारणावर दिले आणि मंडळीतल्या लहान नटांच्या पगाराचे काय झाले, हे कळले असते तर त्या वैभवाची किंमतही कळली असती.

अशा विषयांची आपल्याकडे वाण नाही. साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांनी काही वर्षे एकत्र गायचे थांबवले होते, ते रॉयल्टीवरून. गाणे विकले जात राहते तोवर गायकाला वाटा मिळायला हवा, असे लतादीदींचे म्हणणे. फी घेतली की आपला हक्क संपला, असे रफीसाहेबांचे. दोघांच्या बाजूला प्रामाणिकपणा होता, दोघांच्या मागे कुटुंबे होती, आणि यात खलनायक नव्हता. संगीतकारांना आपल्या द्वंद्वगीतांसाठी दुसरे आवाज शोधावे लागले, काही गायक-गायिकांना त्यामुळे संधी मिळाली. वादाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाला कायद्याने उत्तर द्यायला २०१२ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले आणि जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले. या वादावर पटकथा लिहिणाऱ्याला साहेबाला तोंडघशी पाडण्याचा प्रसंग लागणार नाही. एक टेबल, एक करारनामा, समोरासमोर दोन आवाज आणि मधे अवघडलेला निर्माता एवढे पुरेल. आणि तो चित्रपट काढायचा तर निर्मात्याला पहिल्यांदा त्याच कंपन्यांच्या कचेरीत जावे लागेल, ज्यांच्याकडे आज त्या गाण्यांचे हक्क आहेत.